गंज सोडवणारा फवारा : कुठे मारावा, कुठे मारू नये

पावसाळा सरला की घरोघरी तीच तक्रार. गोठ्याच्या दाराची कडी सरकत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, पाभरीचा नट पान्याला दाद देत नाही. अशा वेळी हार्डवेअरच्या दुकानातून फवाऱ्याचा डबा येतो. डबा कामाचा खरा. पण ते सर्व कामांचे तेल समजू नये.

या डब्यांत जगभर नाव झाले ते डब्ल्यूडी-४० चे. अमेरिकेत सॅन दिएगो येथील एका लहान कंपनीने ते १९५३ साली तयार केले. अ‍ॅटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून ते वापरले गेले. नावातील अक्षरांचा अर्थ 'पाणी हटवणे' आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. त्यातला पातळ द्रव आट्यांच्या फटीत शिरतो, तेल आत नेतो आणि स्वतः उडून जातो. मागे उरतो तो तेलाचा अगदी पातळ थर. म्हणून गंज सोडवायला ते उत्तम, पण दीर्घकाळच्या वंगणाला अपुरे.

अडकलेला नट सोडवायची रीत अशी : आधी तारेच्या ब्रशाने गंज खरवडावा. मग फवारा मारून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. हातोडीने हलके ठोकावे आणि मगच पाना लावावा. नाही सुटला, तर पुन्हा फवारून रात्रभर ठेवावा. सुटल्यावर आटे पुसून ग्रीस लावावे, म्हणजे पुढच्या वर्षी हा खटाटोप नको. बिजागरी आणि कुलूप यांनाही फवारा मोकळे करतो. नंतर मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडावेत. विळे-कोयते ठेवून देताना पुसून फवारावेत, पण पुन्हा वापरण्यापूर्वी साबणाने धुवावेत.

आता कुठे मारू नये ते पाहा. कडबाकुट्टीच्या बेअरिंगला मारला, तर आतले ग्रीस पातळ होऊन निघून जाते आणि बेअरिंग लवकर झिजते. इंजिनाच्या पट्ट्याला तेल लागले की पट्टा घसरतो. सायकल, मोटारसायकल किंवा ट्रॅक्टरच्या ब्रेकवर तर थेंबही उडू देऊ नये. ब्रेक लागलाच नाही तर जिवावर बेतेल.

सर्वांत मोठा धोका विहिरीवरच्या स्टार्टरचा. 'पाणी हटवतो' म्हणून ओल्या पेटीत फवारा मारावासा वाटेल. तसे करू नका. फवारा पेट घेणारा आहे आणि स्टार्टरमध्ये ठिणगी पडते. पेटीला हात लावताच झटका बसत असेल, तर तो दोष कोणत्याही फवाऱ्याने जात नाही. पेटीपासून दूर राहा, वीज मागून बंद करून घ्या आणि जाणत्या वायरमनकडून पेटी व अर्थिंग तपासून घ्या.

डबा चुलीजवळ, उन्हात किंवा मुलांच्या हाताशी ठेवू नका. रिकामा झाला तरी भोसकू नका, आगीत टाकू नका, तो फुटतो. फवारताना दार-खिडकी उघडी ठेवा आणि विडी विझवा.

थोडक्यात, अडकलेले सोडवायला फवारा, फिरते ठेवायला तेल-ग्रीस आणि विजेच्या कामाला वायरमन. एवढे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.