वणव्याचा लाल ठिपका मोबाईलवर कसा वाचायचा



सड्यावरचं गवत वाळलं, काजूला बी धरली, आंबा झाडावर आहे. वणव्याचे दिवस हेच. दहा-बारा वर्षं पोसलेली कलमं एका दुपारी जातात.

'नासा'चा 'फर्म्स' नावाचा नकाशा मोबाईलवर फुकट बघता येतो. गुगलवर 'नासा फर्म्स फायर मॅप' असं शोधा आणि नकाशा दापोलीवर आणा. आग असेल तिथे लाल ठिपका दिसतो.

पंजाब-हरियाणात ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेंढा जळतो, तेव्हा धुराचा पट्टा उपग्रहाच्या फोटोत सरळ दिसतो. आपला वणवा लहान, धूर विरळ. त्यामुळे फोटोत धूर शोधत बसू नका, ठिपका बघा. तो धुराचा नसून जमिनीवरच्या उष्णतेचा असतो.

ठिपका वाचताना मात्र सांभाळून. एक ठिपका म्हणजे साधारण 375 मीटर लांब-रुंद चौकोन, म्हणजे जवळजवळ 35 एकर! ठिपका तुमच्या बागेवर दिसला तरी आग शेजाऱ्याच्या गवतात असू शकते. उगाच भांडायला जाऊ नका. कधी तापलेला कातळ किंवा मोठं पत्र्याचं छप्परही फसवतं. ठिपक्यावर बोट ठेवलं की वेळ दिसते. ती जागतिक वेळ असेल तर साडेपाच तास मिळवा. 08:10 म्हणजे आपले दुपारचे 1:40.

हे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. त्यानंतर नकाशावर यायला तीनेक तास लागू शकतात. दुपारी तीनला लागलेली आग रात्रीच्या फेरीत दिसली तर दिसली, तोवर बाग संपलेली असते. म्हणून आग विझवायला याचा भरवसा धरू नका. धूर दिसला की आधी वाडीत फोन करा, मग वनखात्याला 1926 वर.

खरा उपयोग जुन्या ठिपक्यांचा. नकाशात मागच्या वर्षांचे मार्च-एप्रिल निवडून बघा. आग बहुतेक ठरावीक सड्यावरून, ठरावीक वाटेनेच येते. दुपारी हर्णै-आंजर्ल्याकडचा खारा वारा सुटला की ती खेडच्या बाजूला, चढावर पळते. म्हणजे समुद्राकडच्या अंगाला जाळरेषा आधी काढा, बाकीच्या बाजू नंतर. गवत कापून बाहेर टाका, बांधावर रचून ठेवू नका.

राब भाजणाऱ्यांनो, तुमचाही ठिपका उठू शकतो. भाजायचं असेल तर सकाळी, वारा सुटायच्या आत, पाण्याचे हंडे जवळ ठेवून आणि शेजाऱ्याला सांगूनच.

बाग जळालीच तर ठिपक्याचा स्क्रीनशॉट वेळेसकट जपून ठेवा, पण तलाठ्याचा पंचनामा चुकवू नका.