विश्लेषण : मुलांसह हिवाळ्यात श्रीनगरला जाताना बर्फापेक्षा बंद खोलीतली ऊब धोकादायक का ठरू शकते?

नाताळच्या सुट्टीत मुलांना बर्फ दाखवायचा, म्हणून अकोला-अमरावतीकडील कुटुंबे काश्मीरचा बेत आखतात. महिनाभर आधीपासून स्वेटर, मोजे, माकडटोप्यांची खरेदी सुरू होते. बाहेरच्या थंडीची तयारी बहुतेक जण करतात. मात्र रात्री हॉटेलच्या खोलीत ऊब कशी मिळणार, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. मुलांच्या जिवावर बेतणारा सर्वांत मोठा धोका तिथेच असू शकतो. तो कसा, कशामुळे आणि टाळायचा कसा, याविषयी…

श्रीनगरमध्ये थंडी नेमकी किती असते?

अकोला आणि अमरावती ही दोन्ही शहरे समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटर उंचीवर आहेत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणे इथे नवे नाही. मे २०२४ मध्ये तर उष्णतेच्या लाटेमुळे अकोल्यात जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले होते. हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली, तरी किमान तापमान १० अंशांच्या आसपास येते. वऱ्हाडातल्या मुलांना ठाऊक असलेली सर्वांत मोठी थंडी म्हणजे चिखलदऱ्याची.

श्रीनगर सुमारे १,५८५ मीटर उंचीवर आहे. तिथे २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. हा वर्षातला सर्वांत थंड काळ. त्यानंतर २० दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि १० दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ येतो. या दिवसांत रात्रीचे तापमान शून्याखाली जाणे नेहमीचेच असते. डिसेंबर २०२४ मध्ये चिल्लई कलानच्या तोंडावर श्रीनगरचा पारा उणे ८.५ अंशांपर्यंत उतरला होता. नळातले पाणी गोठते, दल सरोवराच्या कडांवर बर्फाचा थर जमतो. गुलमर्ग तर २,६५० मीटर उंचीवर असल्याने तिथे थंडी आणखी जास्त असते.

म्हणजे नाताळच्या सुट्टीची तारीख बहुतेक वेळा चिल्लई कलानमध्येच पडते. शरीराला नव्या हवामानाची सवय व्हायला बरेच दिवस लागतात. पाच-सहा दिवसांच्या सहलीत ती होत नाही. तिथल्या लोकांचे थंडीपासून रक्षण होते ते मुख्यतः कपडे, घरांची रचना आणि रोजच्या सवयींमुळे. पर्यटकांनी या गोष्टी तेथून शिकून घ्यायला हव्यात.

मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर थंडी का वाजते?

याचे उत्तर साध्या भूमितीत आहे. कपभर चहा लवकर निवतो, पातेलेभर चहा उशिरा. वस्तू जितकी लहान, तितके तिच्या आकारमानाच्या तुलनेत पृष्ठभागाचे क्षेत्रफळ जास्त, आणि उष्णता निसटते ती पृष्ठभागातूनच. दोन-तीन वर्षांच्या मुलाचे शरीर त्यामुळे मोठ्या माणसापेक्षा वेगाने थंड होते. बाळाचे डोके उरलेल्या शरीराच्या मानाने मोठे असते. ते उघडे राहिले, तर तिथूनही बरीच उष्णता जाते.

शिवाय मोठा माणूस थंडी वाजली की कुडकुडतो आणि त्यातून शरीरात उष्णता तयार होते. अगदी लहान बाळांना नीट कुडकुडता येत नाही. थोडी मोठी मुले बर्फात खेळण्याच्या नादात बोटे बधिर झाल्याचे सांगतच नाहीत. म्हणून मुलाने तक्रार करण्याची वाट पाहू नये. त्याच्या मानेच्या मागच्या बाजूला, कपड्याच्या आत हात लावून पाहावा. ती जागा उबदार आणि कोरडी असेल तर ठीक. गार लागली तर आणखी कपडे हवेत आणि घामाने ओली असेल तर एखादा कपडा कमी करायला हवा.

खोलीतली शेगडी किंवा गॅस हीटर घातक का ठरतो?

वऱ्हाडात हिवाळ्यात शेकोटी पेटते ती अंगणात किंवा शेताच्या बांधावर. कोळसा, लाकूड किंवा गॅस जळताना पुरेसा प्राणवायू मिळाला नाही, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. अंगणातल्या शेकोटीतूनही तो निघतोच, पण मोकळ्या हवेत विरून जातो. तीच आग बंद खोलीत आणली, की दोन गोष्टी एकदम घडतात. खोलीतला प्राणवायू कमी होऊ लागतो आणि प्राणवायू कमी झाल्याने हा विषारी वायू अधिक तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास सुरू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. झोपेतल्या माणसाला ते कळतही नाही. ‘निखारे लाल झाले, धूर थांबला, आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही’ हा समज सर्वांत धोकादायक. धूर थांबल्यावरही निखाऱ्यातून हा वायू निघतच असतो.

जानेवारी २०२० मध्ये केरळमधील १५ जणांचा गट नेपाळमध्ये सहलीला गेला होता. मकवानपूर जिल्ह्यातील दामन या थंड हवेच्या ठिकाणी त्यांनी मुक्काम केला. थंडीमुळे त्यांतील आठ जण गॅस हीटर लावलेल्या एकाच खोलीत झोपले. खोलीचे दार आतून बंद होते. २१ जानेवारीच्या सकाळी ते आठही जण बेशुद्ध सापडले आणि नंतर त्यांना मृत घोषित करण्यात आले. त्यांत चार मुले होती. केरळही वऱ्हाडासारखाच बर्फ न पडणारा मुलूख. थंडीची सवय नसलेल्या माणसाला दार-खिडक्या लावून घेण्याची आणि सगळ्यांनी एकत्र झोपण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. घात नेमका तिथेच होतो.

ही चूक फक्त पर्यटकांकडूनच होते, असेही नाही. ५ जानेवारी २०२५ रोजी श्रीनगरच्या पांद्रेठन भागात भाड्याच्या घरात राहणाऱ्या एकाच कुटुंबातील पाच जणांचा गुदमरून मृत्यू झाला. त्यांतही तीन मुले होती.

विषबाधा झाल्याचे ओळखायचे कसे?

सुरुवातीला डोके दुखते, गरगरते, मळमळते, उलटी होते, अंगातली शक्ती गेल्यासारखे वाटते. सहलीत अशी लक्षणे दिसली, की ‘बाहेरचे खाणे बाधले’ किंवा ‘गाडी लागली’ असे समजले जाते. तिथेच वेळ जातो. मुलांचा श्वासाचा वेग जास्त असल्याने त्यांना त्रास आधी होतो. बाळ नुसतेच मलूल होते किंवा नीट जागे होत नाही.

दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. एकाच खोलीतल्या अनेकांना एकदम सारखाच त्रास होणे आणि खोलीबाहेर गेल्यावर बरे वाटणे. अशी शंका आली तर कारण शोधत बसू नये. सर्वांना लगेच बाहेर काढावे. जाता जाता शक्य असेल तर आग किंवा हीटर बंद करावा, दार-खिडक्या उघडाव्यात. त्यानंतर ११२ क्रमांकावर मदत मागून रुग्णालय गाठावे, कारण या विषबाधेवर प्राणवायू द्यावा लागतो.

करोनाकाळात अनेकांनी घेतलेले, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते. विषारी वायू चिकटलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन यांतला फरक या साध्या यंत्राला कळत नाही. रुग्ण गंभीर असतानाही आकडा ९८ दिसू शकतो. त्या आकड्यावर विसंबून राहू नये.

हॉटेल ठरवताना काय विचारावे?

‘खोलीत हीटर आहे का,’ एवढेच विचारणे पुरेसे नाही. तो कशावर चालतो, हे विचारावे. विजेचा हीटर, विजेवर गरम होणारे अंथरूण किंवा पूर्ण इमारत गरम ठेवणारी यंत्रणा असेल, तर या वायूचा प्रश्न येत नाही. काश्मीरमध्ये ‘बुखारी’ नावाची लाकडावर किंवा कोळशावर चालणारी शेगडी असते. तिचा धूर नळकांड्यातून बाहेर जातो. नळकांडे तुंबलेले किंवा फुटके असेल, तर तीही धोक्याची. नळकांडे नसलेला गॅस हीटर झोपण्याच्या खोलीत नकोच. न्हाणीघरात गॅस गिझर असेल आणि हवा जायला झरोका नसेल, तर मुलांना तिथे अंघोळ घालू नये.

हिवाळ्यात तिथे वीज जाऊ शकते. म्हणून जनरेटर रात्रभर चालतो का, हेही आधीच विचारावे. वीज गेल्यावर खोलीत कोळशाची शेगडी आणून देण्याची तयारी कुणी प्रेमाने दाखवली, तरी नम्रपणे नाही म्हणावे. वेताच्या टोपलीतली मातीची ‘कांगडी’ तिथले लोक फिरनच्या आत धरतात. तो त्यांच्या आयुष्यभराच्या सवयीचा भाग आहे. मुलांच्या हाती ती देऊ नये, अंथरुणात तर नाहीच.

कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे, बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र ऑनलाइन विकत मिळते. चार जणांच्या सहलीच्या खर्चात त्याची किंमत किरकोळ आहे. मात्र धुराची सूचना देणारे यंत्र वेगळे असते, दोन्हींत गल्लत करू नये.

मग रात्री मुलांना ऊब कशी मिळेल?

खोली तापवण्यापेक्षा अंग उबदार ठेवणे सोपे आणि सुरक्षित. कोरडे कपडे, कोरडे मोजे, कानटोपी आणि रजई यांतून बरेच साधते. झोपण्याआधी अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवून, मूल झोपवताना ती काढून घ्यावी. विजेवर गरम होणारे अंथरूणही आधी तापवून बंद करावे. लहान मुलांना ते सुरू ठेवून त्यावर झोपवू नये. बाळाचे तोंड जड रजईखाली जाणार नाही, याकडे लक्ष ठेवावे.

कपडे सुती हवेत की लोकरीचे?

कपाशीच्या मुलखातल्या माणसाला हे पटायला जड जाईल, पण बर्फात सुती कपडा अंगाला लागून नको. सुताला पाणी धरून ठेवायची सवय असते. उन्हाळ्यात तेच त्याचे बलस्थान, कारण घाम टिपला जातो आणि अंग गार राहते. बर्फात मात्र हाच गुण उलटतो. पाण्यातून उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने वाहून जाते. मूल खेळून घामेजले, की आतले ओले सुती बनियन त्याला गार करत राहते. घरची कापसाची गादी किंवा दुलई उबदार असते ती तिच्यात अडकलेल्या कोरड्या हवेमुळे.

म्हणून एका जाड स्वेटरऐवजी तीन थर घालावेत. आतला थर घाम बाहेर सोडणारा, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा. मधला लोकरीचा. बाहेरचा वारा आणि पाणी अडवणारा. पाचही बोटे वेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र ठेवणारे मोजे अधिक उबदार. बुटात दोन मोजे कोंबून पाय आवळला, तर रक्तप्रवाह कमी होऊन पाय उलट गारठतो. गुलमर्गच्या वाटेवर टंगमर्गला कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात. मुलांच्या मापाचे बूट मिळतीलच असे नाही, त्यामुळे ते घरून नेलेले बरे.

बर्फात बोटे बधिर झाली तर?

कातडी पांढरट किंवा पिवळसर पडली, मुंग्या आल्या किंवा काही जाणवेनासे झाले, की खेळ थांबवून मुलाला आत न्यावे. ओले कपडे बदलावेत आणि बोटे कोमट पाण्यात धरावीत. बर्फाने किंवा हाताने चोळू नये. शेगडीजवळही नेऊ नये, कारण बधिर कातडी भाजली तरी मुलाला कळत नाही. कुडकुडणे थांबून मूल सुस्त झाले, बोलताना अडखळू लागले, तर शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेलेले असू शकते. अशा वेळी थेट रुग्णालयात जावे. बर्फावरून सूर्याची अतिनील किरणे मोठ्या प्रमाणात परावर्तित होतात, त्यामुळे मुलांनाही गॉगल हवा.

प्रवासाचे नियोजन कसे करावे?

वऱ्हाडातून जाणाऱ्यांना नागपूरमार्गे रेल्वेने कटऱ्यापर्यंत जाता येते. ६ जून २०२५ रोजी चिनाब पुलाचे उद्घाटन झाल्यापासून कटरा-श्रीनगर वंदे भारत एक्स्प्रेस सुरू आहे आणि हे अंतर सुमारे तीन तासांत पार होते. थंडी मात्र श्रीनगरला पोहोचण्याआधीच, दिल्ली-पंजाबच्या धुक्यात सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत त्या पट्ट्यात गाड्या तासन्‌तास रखडतात. म्हणून मुलांचे गरम कपडे सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावेत. बर्फवृष्टीत विमाने रद्द होतात, जम्मू-श्रीनगर महामार्गही बंद पडतो. परतीसाठी एक दिवस राखीव असावा. मुलांची नेहमीची औषधे दोन-तीन दिवसांची जास्तीची घ्यावीत.

इतर राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. गटात किमान दोन पोस्टपेड क्रमांक हवेत. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काही पर्यटनस्थळे बंद करण्यात आली आणि नंतर ती टप्प्याटप्प्याने उघडली. त्यामुळे निघण्याआधी अधिकृत सूचना पाहून घ्याव्यात.

दमा, हृदयाचा आजार किंवा वारंवार छाती भरण्याचा त्रास असलेल्या मुलांबाबत, तसेच वर्षाच्या आतल्या बाळाबाबत, तिकीट काढण्याआधीच बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मार्चअखेरीस गुलमर्गला बर्फ असतो आणि श्रीनगरची थंडी बरीच ओसरलेली असते. बर्फ पाहण्यासाठी चिल्लई कलानच गाठायला हवा असे नाही.