घर पाहावे मोजून

‘घर पाहावे बांधून’ ही आपल्याकडील जुनी म्हण. घर बांधताना पैशाची आणि धीराची जी परीक्षा होते, तिचे सार या म्हणीत आले आहे. परंतु आज घर बांधणाऱ्यापुढे आणखी एक प्रश्न उभा आहे: हे घर पाणी, वीज आणि माती यांचा किती भार वाहणार आणि किती भार दुसऱ्यावर टाकणार?

बंगळूरचे जयनगर या प्रश्नाचा विचार करण्यास योग्य स्थळ आहे. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीची कोनशिला १९४८ मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते बसविण्यात आली. तेथील अशोकस्तंभ त्या प्रसंगाची साक्ष देत उभा आहे. रुंद रस्ते, मैदाने आणि वृक्षांची सावली यांचा विचार करून आखलेल्या या वसाहतीत आता अनेक जुन्या बैठ्या घरांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत.

पाण्याचा हिशेब

बंगळूरजवळ मोठी नदी नाही. १९७४ पासून कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणि सुमारे ५०० मीटर उंची चढवून शहरात आणले जाते. म्हणजेच नळाच्या प्रत्येक थेंबात विजेचा खर्च दडलेला असतो. २०२४ च्या उन्हाळ्यात शहराच्या अनेक भागांत कूपनलिका आटल्या, तेव्हा या व्यवस्थेची मर्यादा सर्वांना जाणवली.

येथे वर्षाला सरासरी ९७० मिलिमीटर पाऊस पडतो. १,२०० चौरस फुटांच्या गच्चीवर पडणाऱ्या पावसापैकी ८० टक्के पाणी हाती आले, तरी ते सुमारे ८६,००० लिटर होते. माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरल्यास चौघांच्या कुटुंबाची पाच महिन्यांची गरज त्यातून भागू शकते. मात्र पाऊस काही महिन्यांतच पडत असल्याने त्यासाठी टाकीची जोड आणि जमिनीत मुरविण्याची सोय हवी. २००९ मध्ये बंगळूरमध्ये ठरावीक आकारमानाच्या भूखंडांवर पर्जन्यजल संधारण सक्तीचे झाले. त्याच्या निरनिराळ्या पद्धती नागरिकांना प्रत्यक्ष पाहता याव्यात, यासाठी शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने जयनगरमध्येच सर विश्वेश्वरय्या यांच्या नावे उद्यान उभारले.

गुणांकनाची पद्धत

इमारतीच्या अशा गुणांचे मूल्यमापन करण्याची रीत ब्रिटनमध्ये १९९० साली ‘ब्रीम’ या पद्धतीने सुरू झाली. पुढे अमेरिकेत ‘लीड’ ही पद्धत आली. भारतात ‘टेरी’ ही संस्था आणि केंद्रीय नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांच्या सहकार्यातून ‘गृह’ ही पद्धत विकसित झाली. तीत इमारतीला एक ते पाच तारे मिळतात. जागेची निवड, पाण्याचा पुनर्वापर, नैसर्गिक प्रकाश, विजेचा वापर, बांधकाम साहित्य आणि कचऱ्याची व्यवस्था अशा बाबींवर गुण दिले जातात. पुण्याच्या हडपसर येथील ‘सुझलॉन वन अर्थ’ हा प्रकल्प या श्रेणीतील परिचित उदाहरण होय.

प्रमाणपत्रापलीकडे

तरीही तारे म्हणजे सर्वस्व नव्हे. आराखड्यातील बचत आणि प्रत्यक्ष वापरातील बचत यांत अंतर पडू शकते. टाकी बांधली, पण तिची गाळणी कोणी साफ केलीच नाही, तर गुण कागदावरच राहतात.

दुसरी बाब बांधकामात खर्ची पडलेल्या ऊर्जेची. सिमेंट तयार करताना इंधन जळतेच, शिवाय चुनखडी भाजताना तिच्यातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणून सुस्थितीतील जुने घर पाडून नवे ‘हरित’ घर बांधण्यापूर्वी डागडुजीचा पर्याय तपासणे शहाणपणाचे ठरते. नवे बांधायचेच असेल, तर बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘अस्त्र’ उपक्रमाकडे पाहावे. तेथे अल्प सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटांवर दीर्घकाळ संशोधन झाले. या विटांना भट्टीत भाजावे लागत नाही.

घराचा हप्ता काही वर्षांनी संपतो. वीज आणि पाण्याचे देयक मात्र घर उभे असेपर्यंत येत राहते. म्हणूनच गृहकर्जाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने दर चौरस फुटाच्या भावाबरोबरच वास्तुविशारदाला तीन प्रश्न अवश्य विचारावेत: गच्चीवरचे पाणी कोठे जाणार? दुपारी दिव्यावाचून कोणत्या खोल्या उजळतील? जुन्या घराचे कोणते साहित्य पुन्हा वापरता येईल?

या प्रश्नांची उत्तरे मिळाली, की घर नुसते बांधून नव्हे, तर मोजूनही पाहिल्याचे समाधान लाभेल.