प्रवासातील आजारपण आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या

दूरच्या प्रवासाला निघताना ताप, उलटी आणि जुलाबांवरील औषधांसोबत जीवनसत्त्व ‘क’च्या चघळायच्या गोळ्या किंवा मल्टिव्हिटॅमिनची पाकिटे बरोबर घेण्याची पद्धत आता अनेक घरांत रुळली असून, या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती वाढते आणि प्रवासात आजारपण येत नाही, असा समज तिच्यामागे असतो. या समजाची पारख करायची, तर जीवनसत्त्वे शरीरात काय काम करतात आणि प्रवासी कशामुळे आजारी पडतो, हे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात.

जीवनसत्त्वे म्हणजे शरीराला अत्यल्प प्रमाणात लागणारी, परंतु बहुतांशी आहारातूनच मिळवावी लागणारी द्रव्ये होत. त्यांपैकी जीवनसत्त्व ‘क’चा इतिहास प्रवासाशीच निगडित आहे. महिनोन्‌महिने ताज्या फळांवाचून राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई, भरलेल्या जखमा पुन्हा उघडत आणि अनेकांना मृत्यू येई. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सक जेम्स लिंड यांनी 1747 मध्ये 12 रुग्ण खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला, तेव्हा संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. त्वचा, हिरड्या आणि रक्तवाहिन्या यांना बळकटी देणारे कोलॅजेन हे प्रथिन नीट तयार होण्यासाठी जीवनसत्त्व ‘क’ आवश्यक असते आणि मानवी शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, हे त्यामागील कारण पुढे विसाव्या शतकात उलगडले. संत्री आणि लिंबांनी येथे एक उणीव भरून काढली होती. ज्याच्या शरीरात ती उणीवच नाही, त्याला अधिक मात्रेने अधिक संरक्षण मिळेल, असा निष्कर्ष या प्रयोगातून निघत नाही.

तसा दावा लोकप्रिय झाला तो 1970 मध्ये, नोबेल पुरस्काराचे मानकरी लायनस पॉलिंग यांनी सर्दीवर जीवनसत्त्व ‘क’ची मोठी मात्रा सुचवणारे पुस्तक लिहिल्यानंतर. या विषयावरील अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा कॉक्रेन संस्थेचा आढावा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज गोळी घेतल्याने सर्वसामान्य लोकांना सर्दी होण्याचे प्रमाण घटत नाही, सर्दीचा काळ मात्र प्रौढांमध्ये सुमारे 8 टक्क्यांनी कमी होतो आणि सर्दी झाल्यावर गोळ्या सुरू केल्यास खात्रीचा फायदा दिसत नाही, असे त्यात आढळले. मॅरेथॉनचे धावपटू, स्कीइंग करणारे आणि कडाक्याच्या थंडीत कष्ट करणारे सैनिक अशा 598 जणांवरील पाच चाचण्यांत सर्दीचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते, हे खरे. परंतु तो अल्पकाळच्या तीव्र शारीरिक श्रमांचा अपवाद असल्याने विमानात किंवा गाडीत बसून जाणाऱ्याला तो लागू करता येत नाही.

मोठ्या मात्रेला शरीराचीही मर्यादा आहे. एका वेळी 1000 मिलिग्रॅमहून अधिक ‘क’ घेतल्यास त्यातील निम्म्याहून कमी भाग शोषला जातो, शोषलेल्यातील जादा भाग लघवीवाटे बाहेर पडतो आणि दिवसाला 2000 मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यास जुलाब होऊ शकतात, म्हणजे ज्या त्रासाची प्रवाशाला धास्ती असते तोच ओढवतो. ‘अ’ आणि ‘ड’ ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे शरीरात साठून राहत असल्याने त्यांचा अतिरेक अधिक धोक्याचा असतो. गरोदरपणात ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते.

प्रवासातील आजारांच्या वाटा पाहिल्या, म्हणजे या गोळ्यांचे बळ का अपुरे पडते हे स्पष्ट होते. अतिसार दूषित पाणी आणि अन्नातून येतो, हिवताप आणि डेंग्यू डासांच्या चाव्यातून येतात, तर सर्दी आणि फ्लू शेजारच्या आजारी माणसाच्या श्वासातून किंवा त्याच्या हातांतून पसरतात. यांपैकी कोणत्याही जंतूला शरीरात येण्यापासून गोळी अडवत नाही. ‘ब-1’ जीवनसत्त्व घेतल्यास डास चावत नाहीत, हा जुना समजही निराधार असून, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डास पळवण्यासाठी पोटात घ्यायच्या अशा उत्पादनांचे दावे 1985 मध्येच अमान्य केले.

याचा अर्थ पूरक गोळ्या सर्वांनाच निरुपयोगी आहेत असा नाही. रक्ततपासणीत ‘ड’ किंवा ‘ब-12’ची कमतरता आढळलेल्यांनी आणि डॉक्टरांनी फॉलिक अॅसिड दिलेल्या गरोदर स्त्रियांनी आपल्या गोळ्या प्रवासातही चुकवू नयेत, कारण त्यांच्याबाबतीत त्या खऱ्या उणिवेवरचा किंवा गरजेवरचा उपाय असतात.

इतरांनी तोच पैसा आणि तीच काळजी लसीकरणाकडे वळवणे अधिक हिताचे आहे. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वरग्रस्त देशांत जाणाऱ्याने ती लस निघण्यापूर्वी किमान 10 दिवस घ्यावी लागते, कारण तिचे प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य ठरते. टायफॉइडच्या लसीबाबतही डॉक्टरांचा सल्ला वेळेत घ्यावा. त्याच्या जोडीला उकळलेले किंवा खात्रीचे सीलबंद पाणी, गरम वाढलेले अन्न, जेवणापूर्वी साबणाने धुतलेले हात, डासरोधक मलम, पुरेशी झोप आणि जुलाब झालेच तर जलसंजीवनीची पाकिटे, एवढी तयारी हवी. एक पेरू किंवा आवळा प्रौढ माणसाची दिवसाची ‘क’ जीवनसत्त्वाची गरज सहज भागवतो. त्यामुळे गोळीच्या भरवशावर पाण्याची आणि लसीची हयगय करणाऱ्या प्रवाशाने आपले खरे संरक्षण घरीच सोडलेले असते, हे औषधांची पिशवी भरतानाच ध्यानात घेतले पाहिजे.