पॉमेरेनियन धापा का टाकतो?

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे गेला की घरातला चलाख, भुंकरा पॉमेरेनियन नुसता धापा टाकत पडतो. त्याचे पूर्वज युरोपातल्या थंडीतले. लहान चणीचे कुत्रे निवडून माणसाने त्यांचीच पैदास केली. चण घटली, पण केसांचा दुहेरी थर राहिला.

कुत्र्याला घाम जेमतेम पंजांनाच येतो. धापांमुळे जिभेवरचे पाणी वाफ होऊन उडते. प्रत्येक ग्रॅम सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेतो. कूलर लावून खिडक्या बंद केल्या, तर हवा दमट होते, बाष्पीभवन मंदावते. म्हणून खिडकी उघडी ठेवा, प्यायला पाणी ठेवा. कुत्रा झोकांड्या खाऊ लागला, तर अंग भिजवून, वारा घालत पशुवैद्याकडे न्या. उष्माघाताने तो दगावू शकतो.