परतीची वाट नसलेला प्रवास

समुद्रावरील प्रेमकथा म्हटली कीं जहाज बुडावयाचेंच, अशी हल्लीं बहुतेकांची समजूत झालेली दिसते. १९३२ सालीं वॉर्नर ब्रदर्स यांनीं काढलेल्या 'वन वे पॅसेज' या बोलपटांत मात्र जहाज सुखरूप बंदरास लागतें. आणि तें लागतें हाच अनर्थ होय.

हाँगकाँगहून सॅन फ्रान्सिस्कोस निघालेल्या या जहाजावर डॅन (विल्यम पॉवेल) हा फांशीची शिक्षा झालेला कैदी आहे. जोन (के फ्रान्सिस) असाध्य रोगानें ग्रासलेली आहे. दोघेंहि आपापलें मरण एकमेकांपासून लपवितात. होनोलुलूस डॅनला पळून जाण्याची संधि सांपडते. इतक्यांत जोन मूर्च्छित पडते. तिला उचलून तो पुन्हां जहाजाकडे, म्हणजेच आपल्या फांसाकडे, चालत येतो.

आम्हीं जन्मभर मुलांना सत्याचे पाठ दिले. तरी या दोघांना असत्यवादी म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. वैद्याचे शब्द घरच्या एकानेंच पोटांत ठेवले आणि बाकीच्यांसमोर हंसून दाखविलें, असें कोणत्या कुटुंबांत घडलें नाहीं? स्वार्थासाठीं दडविलेलें तें असत्य; दुसऱ्याचे उरलेले चार दिवस सुखाचे जावेत म्हणून एकट्यानें वाहिलेलें दुःख हें तपच होय. मात्र या तपाचें मोलहि जबर आहे. अखेर दोघांस सत्य कळतें, तरी निरोपाच्या वेळीं त्यांना मोकळेपणीं रडतांहि येत नाहीं. वर्षाअखेरच्या रात्रीं मेक्सिकोंतील आग्वा कालिएंते येथें भेटूं, एवढेंच तीं बोलतात.

पेले फोडून त्यांचे दांडे एकमेकांवर आडवे ठेवावयाचे, अशी या दोघांची रीत होती. मद्याचे पेले म्हणून वाचकांनीं नाक मुरडूं नये; त्या रात्रीं तेथें जवळ कोणी नसतां पेले फुटल्याचा आवाज होतो आणि दांडे तसेच एकावर एक पडलेले दिसतात! मरणोत्तर भेटीची आशा सर्वस्वीं तुटली तर करुण, ती उरली तर करुणविप्रलंभ, असा भेद साहित्यदर्पणकार विश्वनाथानें केला असून 'कादंबरी'तील पुंडरीक व महाश्वेता यांचें उदाहरण दिलें आहे. दिग्दर्शक टे गार्नेट यांनीं तो ग्रंथ पाहिला असेल असें नव्हे; पण मनुष्याचें हृदय सर्वत्र एकाच शास्त्रानें चालतें.

या कथेबद्दल रॉबर्ट लॉर्ड यांस अकादमी पारितोषिक मिळालें. १९४० सालीं तीच कथा 'टिल वुई मीट अगेन' या नांवानें पुन्हां पडद्यावर आली; तींतील नायिका मर्ल ओबेरॉन हिचा जन्म मुंबईचा. जुना बोलपट सुमारें सव्वा तासाच्या आंतच संपतो. घरांतील लहानथोरांनीं तो एकत्र बसून पाहावा; आणि मग, आपण एकमेकांपासून काय लपवितों व कां लपवितों, याचा ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं विचार करावा.