ऑक्सफर्डचें दार आणि कॅथॉलिक विचार

विद्यापीठ हें प्रश्न विचारण्याचें ठिकाण आणि धर्मपीठ हें उत्तरें जतन करण्याचें ठिकाण, असा एक समज सुशिक्षित समाजांत रूढ आहे. ह्या समजुतीप्रमाणें पाहूं गेल्यास ज्याची श्रद्धा पक्की आहे त्यानें विद्यापीठाच्या वाटेस जाऊं नये, आणि ज्याला विद्यापीठ हवें आहे त्यानें श्रद्धा घरीं ठेवून यावी, हेंच शहाणपणाचें ठरेल. ही समजूत कितपत खरी आहे, हें पडताळून पाहण्यास इंग्लंडांतील ऑक्सफर्ड विद्यापीठाचा इतिहास फार उपयोगी पडतो. तेथें रोमन कॅथॉलिक पंथाचे लोक सुमारें तीनशें वर्षें दाराबाहेर राहिले. प्रथम राज्यानें त्यांना आंत येऊं दिलें नाहीं. पुढें राज्यानें दार उघडलें, तेव्हां त्यांच्याच धर्माधिकाऱ्यांनीं त्यांना आंत जाण्यास मनाई केली. अखेर १८९५ सालीं ती मनाई उठली.

वास्तविक ऑक्सफर्ड मूळचें कॅथॉलिकच. मध्ययुगांत सारा पश्चिम युरोप पोपच्या धर्मसत्तेखालीं होता. डॉमिनिकन पंथाचे भिक्षु १२२१ सालीं ऑक्सफर्डला आले आणि तेथील अध्यापनांत त्यांनीं मोठा वांटा उचलला. सोळाव्या शतकांत आठव्या हेन्रीनें पोपशीं संबंध तोडला, आणि पुढें एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत इंग्लंडच्या राजधर्माचीं एकूणचाळीस कलमें ठरलीं. १५८१ पासून ऑक्सफर्डमध्यें नांव घालणाऱ्या विद्यार्थ्यानें ह्या कलमांना लेखी मान्यता दिली पाहिजे असा नियम झाला. प्रामाणिक कॅथॉलिकाच्या हातून ती सही होणें शक्य नव्हतें. त्याच वर्षीं जून महिन्यांत एक विलक्षण प्रकार घडला. विद्यापीठाच्या समारंभासाठीं सभासद सेंट मेरीच्या देवळांत जमले, तों बांकांवर एक छोटें लॅटिन पुस्तक ठेवलेलें त्यांना आढळलें. त्याचा कर्ता एडमंड कॅम्पियन हा एके काळीं ऑक्सफर्डचाच नांवाजलेला फेलो. आतां जेझुइट होऊन तो वेष पालटून इंग्लंडांत वावरत होता. दहा कारणें पुढें मांडून त्यानें विद्यापीठांतील विद्वानांना उघड वादाचें आव्हान दिलें होतें. पुढें तो पकडला गेला. लंडनच्या किल्ल्यांत त्याचे हाल करण्यांत आले, तयारीला अवसर न देतां त्याला वादास उभें करण्यांत आलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याला देहान्त शिक्षा झाली. त्या काळीं कॅथॉलिक विचार विद्यापीठांत शिरे तो असा चोरपावलांनीं.

ह्या काळाचा एक धागा मराठी भाषेपर्यंत येऊन पोंचतो. कॅम्पियनच्याच पिढींतील टॉमस स्टीफन्स हा इंग्रज तरुण मायदेश सोडून रोमला गेला, १५७५ सालीं जेझुइट झाला आणि १५७९ सालीं गोव्यास उतरला. तेथें त्यानें मराठी आत्मसात केली व ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचलें. तें १६१६ सालीं छापलें गेलें. ज्या श्रद्धेचा उच्चार त्याला आपल्या देशांत उघडपणें करतां आला नसता, ती त्यानें मराठी ओवींत सांगितली.

ऑक्सफर्डमध्यें हा नियम पुढें अडीचशें वर्षांहून अधिक काळ चालू राहिला. मग १८३३ पासून तेथें एक नवी धर्मचळवळ उभी राहिली. तिचा प्राण म्हणजे जॉन हेन्री न्यूमन. ओरिअल कॉलेजचा हा फेलो त्याच सेंट मेरीच्या देवळांत धर्मोपदेशक होता. इंग्लंडचा राजधर्म प्राचीन ख्रिस्ती परंपरेपासून तुटलेला नाहीं, असें दाखविण्यासाठीं त्यानें व त्याच्या मित्रांनीं पत्रकांची एक माला काढली. १८४१ सालच्या नव्वदाव्या पत्रकांत, त्या एकूणचाळीस कलमांचा अर्थसुद्धां कॅथॉलिक परंपरेशीं जुळता लावतां येतो, असें त्यानें प्रतिपादन केलें. विद्यापीठाच्या चालकांनीं त्याचा जाहीर निषेध केला. अभ्यास करतां करतां न्यूमनची स्वतःचीच भूमिका बदलली, आणि ९ ऑक्टोबर १८४५ रोजीं तो कॅथॉलिक झाला. ह्याची किंमत त्याला ऑक्सफर्ड सोडून द्यावी लागली. १८४६ सालीं त्यानें गांव सोडलें. त्याच्या जुन्या ट्रिनिटी कॉलेजनें त्याला पहिला सन्मान्य फेलो म्हणून पुन्हां बोलाविलें तें १८७८ सालीं.

मधल्या काळांत न्यूमननें विद्यापीठाच्या स्वरूपाचा फार खोल विचार केला. १८५२ सालीं डब्लिन येथें दिलेल्या व्याख्यानांत त्यानें दोन गोष्टी आग्रहानें मांडल्या. पहिली ही कीं, ज्ञान हें स्वतःच मिळविण्याजोगें धन आहे. तें दुसऱ्या कशाचें साधन ठरावें लागत नाहीं. दुसरी ही कीं, सर्व विद्या एकमेकींना आवर घालतात. त्यांतून ईश्वरविद्या वगळली तर तिची जागा रिकामी राहत नाहीं. अर्थशास्त्र किंवा पदार्थविज्ञान आपली हद्द ओलांडून ती जागा बळकावतें. मात्र विद्यापीठ म्हणजे पुरोहित घडविण्याची शाळा नव्हे, हेंहि तो तितक्याच स्पष्टपणें सांगत होता. डब्लिनचें कॅथॉलिक विद्यापीठ १८५४ सालीं सुरू झालें व न्यूमन त्याचा प्रमुख झाला; परंतु सरकारमान्य पदव्या देण्याचा अधिकार त्या संस्थेला नव्हता, आणि १८५८ सालीं त्यानें तें पद सोडलें.

इकडे पार्लमेंटनें १८५४ व १८७१ च्या कायद्यांनीं ऑक्सफर्डमधील धर्मपरीक्षा जवळजवळ संपुष्टांत आणली. दार उघडलें, पण आंतून उघडलेलें दार आतां बाहेरून लोटून घेण्यांत आलें. न्यूमननें ऑक्सफर्डमध्यें कॅथॉलिक विद्यार्थ्यांसाठीं धर्मकेंद्र काढण्याच्या हेतूनें १८६४ सालीं जमीन घेतली, तेव्हां हेन्री मॅनिंग प्रभृति पुढाऱ्यांनीं त्या योजनेस कसून विरोध केला. १८६७ सालीं रोमहून आज्ञा आली कीं, अशा विद्यापीठांत मुलांना पाठविणें त्यांच्या धर्मनिष्ठेस धोक्याचें आहे. हे मॅनिंग स्वतः ऑक्सफर्डचेच विद्यार्थी व फेलो होते. तेथील संशयवादी वातावरण त्यांनीं जवळून पाहिलें होतें, व त्यांची भीति अगदींच निराधार होती असें म्हणतां येणार नाहीं. परंतु ह्या भीतीचा परिणाम असा झाला कीं, ज्या समाजाला कायद्यानें तीन शतकें उच्च शिक्षणापासून वंचित ठेवलें होतें, त्याची आणखी एक पिढी त्याच्या हितचिंतकांनींच वंचित ठेवली. मॅनिंग यांनीं लंडनमध्यें स्वतंत्र कॅथॉलिक कॉलेज काढून पाहिलें. तें थोड्याच वर्षांत बुडालें.

मॅनिंग यांच्यामागून आलेले कार्डिनल वॉन हेहि प्रथम ह्या मनाईचेच पुरस्कर्ते होते. पण अनुभवानें त्यांचें मत पालटलें. १८९५ सालीं रोमनें परवानगी दिली, ती अटी घालून. विद्यार्थ्यांसाठीं धर्मगुरु नेमावा, आणि कॅथॉलिक विद्वानांनीं त्यांना तत्त्वज्ञान, इतिहास व धर्म यांवर नियमितपणें व्याख्यानें द्यावीं, ह्या त्यांतील मुख्य अटी. कुंपण म्हणून घातलेल्या ह्या अटींतूनच पुढें बाग उगवली. १८९६ सालीं जेझुइटांचें, तर १८९७ सालीं बेनेडिक्टाइनांचें अभ्यासगृह निघालें. १९२१ सालीं, पहिल्या आगमनास बरोबर सातशें वर्षें झालीं तेव्हां, डॉमिनिकन भिक्षूंनीं ऑक्सफर्डमध्यें आपल्या नव्या मठाची कोनशिला बसविली. १८७८ सालीं निघालेल्या व पुढें न्यूमनचें नांव धारण केलेल्या विद्यार्थिमंडळापुढें बाहेरील वक्ते येऊन बोलूं लागले.

धर्मगुरूंमध्यें सर्वांत गाजलेले रोनाल्ड नॉक्स. अँग्लिकन बिशपचे हे चिरंजीव १९१७ सालीं कॅथॉलिक झाले आणि १९२६ ते १९३९ पर्यंत ऑक्सफर्डमध्यें विद्यार्थ्यांचे धर्मगुरु होते. नभोवाणीच्या श्रोत्यांना त्यांची ओळख निराळ्याच कारणानें झाली होती. जानेवारी १९२६ मध्यें त्यांनीं बी. बी. सी. वरून लंडनमधील दंगलीची एक काल्पनिक बातमी विनोदानें सांगितली, आणि कित्येक श्रोते ती खरी मानून घाबरून गेले. डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिणारा हा विनोदी गृहस्थ विद्यार्थ्यांना व्याख्यानें देई तीं मात्र अगदीं सरळ भाषेंत. ईश्वर आहे हें कशावरून, चमत्कार मानावे काय, जगांत दुःख कां, असे खोलींत मित्र विचारतील तेच प्रश्न तो घेई. अटीपुरतीं सुरू झालेलीं हीं व्याख्यानें ऐकण्याजोगीं ठरलीं, तीं ह्यामुळें.

ह्या साऱ्या प्रयत्नाची कसोटी १९४८ सालीं अवघ्या पांच दिवसांच्या अंतरानें दोनदां लागली. २८ जानेवारी रोजीं बी. बी. सी. वर बर्ट्रांड रसेल आणि फ्रेडरिक कोपलस्टन यांचा ईश्वराच्या अस्तित्वावर वाद झाला. कोपलस्टन हे ऑक्सफर्डचे पदवीधर व जेझुइट. जगांतील प्रत्येक वस्तु आपल्या अस्तित्वासाठीं दुसऱ्या कशावर तरी अवलंबून असते. तेव्हां जिचें कारण तिच्यांतच आहे अशी एक सत्ता मानल्याखेरीज जगाचा उलगडा होत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. वस्तूंना कारण असतें म्हणून विश्वालाहि तें असलेंच पाहिजे असें नाहीं, हें रसेल यांचें उत्तर. कोणीच कोणाला पटवूं शकलें नाहीं. पण दोघांनींहि एकमेकांचें म्हणणें नीट ऐकून मगच खोडलें.

२ फेब्रुवारी रोजीं ऑक्सफर्डच्या सॉक्रेटिक क्लबांत दुसरा वाद झाला. तेथें आस्तिक व नास्तिक समोरासमोर बसत. अध्यक्ष सी. एस. लुइस हे अँग्लिकन पंथाचे प्रसिद्ध लेखक. मनुष्याचा विचार हा जर जड कारणांचाच परिणाम असेल तर कोणत्याच विचारावर विश्वास ठेवतां येणार नाहीं. म्हणून जडवाद स्वतःलाच खोडतो, असा युक्तिवाद त्यांनीं आपल्या ग्रंथांत केला होता. त्याच्यावर टीका केली ती कोणा नास्तिकानें नव्हे, तर एलिझाबेथ ॲन्स्कम ह्या निष्ठावंत कॅथॉलिक विदुषीनें. त्यांचा मुद्दा एका साध्या उदाहरणानें समजेल. हिशेबनिसानें सात आणि पांच बारा लिहिले, तें कां, ह्या प्रश्नाला दोन उत्तरें आहेत: लहानपणीं पाढे घोटले म्हणून, आणि सात व पांच बाराच होतात म्हणून. पहिलें कारण सांगितल्यानें दुसऱ्याची सत्यता नष्ट होत नाहीं. आपल्याच पक्षाला अनुकूल असलेला युक्तिवाद कच्चा आहे, हें भर सभेंत दाखविण्यास मोठी निष्ठा लागते. लुइस यांचाहि मोठेपणा असा कीं, त्यांनीं १९६० च्या आवृत्तींत तें प्रकरण सुधारून लिहिलें.

ह्याच ॲन्स्कमबाईंनीं १९५६ सालीं, अमेरिकेचे माजी अध्यक्ष ट्रूमन यांना सन्मान्य पदवी देण्याचा प्रस्ताव आला तेव्हां, विद्यापीठाच्या सभेंत उभें राहून विरोध केला. हिरोशिमा व नागासाकी येथील निरपराध माणसांना, एक हेतु साधण्याचें साधन म्हणून, मारण्याची आज्ञा देणाऱ्याचा गौरव विद्यापीठानें करूं नये, एवढेंच त्यांचें म्हणणें. पाठीराखे अगदीं थोडे मिळाले आणि जून महिन्यांत पदवी दिली गेली. १९३९ सालीं विद्यार्थिदशेंत त्यांनीं चालू युद्धाच्या न्याय्यतेवर एका सहाध्यायासह पत्रक काढलें होतें, तेव्हां तें कॅथॉलिक मत म्हणून छापल्याबद्दल त्यांच्याच आर्चबिशपनीं मागें घ्यावयास लावलें होतें. एकदां धर्मपीठाला आणि एकदां विद्यापीठाला त्यांचें बोलणें नकोसें वाटलें.

ह्या इतिहासाचा शेवट सर्वस्वी विजयाचा नाहीं. बेनेडिक्टाइनांचें तें अभ्यासगृह २०२२ सालीं बंद पडलें. उलट, ज्या न्यूमनला ऑक्सफर्डमध्यें जागा मिळूं दिली नव्हती त्याला रोमनें २०१९ सालीं संतपद दिलें. पण ह्या घटनांहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. मनाईच्या काळांत कॅथॉलिक तरुणांची श्रद्धा सुरक्षित राहिली असेल, परंतु तिला कोणी प्रश्न विचारला नाहीं आणि तिनेंहि कोणाला विचारला नाहीं. दार उघडल्यावर ती हरण्याचा धोका पत्करून सभेंत बसली, तेव्हांच नॉक्स, कोपलस्टन व ॲन्स्कम यांचें बोलणें परमतवाद्यांनींहि कान देऊन ऐकलें. आणि ट्रूमन यांच्या पदवीच्या प्रस्तावाच्या वेळीं विद्यापीठालासुद्धां, त्याला नको असलेला एक प्रश्न, ह्याच बाकावरून ऐकावा लागला.